औषध चालू आहे, डॉक्टर म्हणतात रोज चाला, पण उठवतच नाही: काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. वय ३६, डोंबिवलीत राहता, ठाण्यात नोकरी, मुलगा दुसरीत, घरी सासूबाई. सात-आठ महिने कशात मन लागत नाही, मधेच रडू येतं, झोप विस्कटलीये, सकाळ सगळ्यात जड जाते. दीड महिन्यापूर्वी सायकियाट्रिस्टनी डिप्रेशन सांगून एस्सिटालोप्राम सुरू केलं, थोडा फरक आहे. त्यांनी "रोज अर्धा तास चाला" सांगितलंय, मिस्टरही तेच म्हणतात, आणि ते काही केल्या जमत नाहीये, वर जिमची वर्षाची फी भरून तिसऱ्या आठवड्यात सोडलं त्याचा गिल्ट वेगळाच. तुम्ही विचारताय की व्यायामाने मनाला खरंच फरक पडतो की सगळे नुसतं बोलतात, दिवसभर घरातलं करतेच की मग ते व्यायामात का धरायचं नाही, आणि फरक पडतच असेल तर गोळ्या सोडून तेवढंच करता येईल का.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, पंधराएक वर्षं हेच काम करते. गोळ्या मी देत नाही, ते काम सायकियाट्रिस्टचं, त्यामुळे गोळ्यांबद्दल खाली जे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून मगच.

सगळ्यात आधी तुम्ही शेवटी जे एक वाक्य जाता जाता लिहिलंय, "कधीकधी वाटतं कशाला हे सगळं", त्याबद्दल. यात नुसता थकवा असेल तर एक गोष्ट, पण जगूच नये, आपण नसलो तर बरं, असं काही मनात येत असेल तर चालणं-बिलणं सगळं बाजूला ठेवा आणि आजच्या आज डॉक्टरांना फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. रात्री-अपरात्री कोणी मिळालं नाही तर १४४१६ लावा, ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, २०२२ पासून चालू आहे, २४ तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि घरात एका माणसाला तरी हे स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. खालचं सगळं तसं काही नाहीये असं धरून लिहितेय.

गोळ्यांचा प्रश्न पहिला संपवू. सोडू नका. दीड महिन्यात थोडा फरक आहे म्हणजे औषध कामाला लागलंय, आणि एस्सिटालोप्राम अचानक बंद केलं तर चक्कर, डोक्यात करंट गेल्यासारखं, चिडचिड असे प्रकार होतात, मग माणसाला वाटतं आजारच परत आला. पूर्ण बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात, हे डॉक्टर ठरवतील. "व्यायाम की गोळी" असा प्रश्न मला खूप जण विचारतात, बहुतेकांना गोळीची लाज वाटत असते म्हणून. माझा अनुभव असा की गोळीने जे थोडं डोकं वर निघतं त्याच जोरावर माणूस चपला घालून बाहेर पडू शकतो. तुमच्यासाठी सध्या गोळी ही चालण्याची तयारी आहे असं धरून चला.

आता फरक पडतो का. पडतो, आणि हे व्हॉट्सॲप फॉरवर्डवालं पडतो नाही. अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीत जेम्स ब्लूमेंथाल यांच्या टीमने १९९९ मध्ये एक अभ्यास छापला होता, पन्नाशीच्या पुढचे, डिप्रेशन असलेले १५६ जण घेतले, काहींना फक्त सर्ट्रालिन ही गोळी, काहींना फक्त व्यायाम, काहींना दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले होते. हे ऐकलं की लोक लगेच म्हणतात बघा गोळी लागतच नाही! पण यातल्या दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, गोळीवाल्यांना सुरुवातीला फरक लवकर दिसला. दुसरी, व्यायामवाले आठवड्यातून तीनदा ठरलेल्या जागी येत होते, समोर शिकवणारा माणूस, बरोबर गट, आणि नाडी बघून बऱ्यापैकी दम लागेल असा व्यायाम. "जरा चालून या" एवढ्यावर त्यांना सोडलं नव्हतं.

याच्या उलट इंग्लंडमधला २०१२ चा एक अभ्यास आहे, ३६१ पेशंट, त्यात अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर एक माणूस भेटून, फोन करून हालचाल वाढवायला प्रोत्साहन देत होता. त्यांची हालचाल थोडी वाढलीही, पण डिप्रेशनमध्ये नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फरक काही दिसला नाही. तेव्हा पेपरात "व्यायामाचा उपयोग नाही" अशा बातम्या आल्या होत्या. मी त्यातून एवढंच घेते की प्रोत्साहन देऊन, समजावून, मागे लागून होत नाही, वेळ-जागा-सोबत ठरलेली लागते आणि हळूहळू थोडा दमही लागावा लागतो. म्हणजे तुमचे डॉक्टर आणि मिस्टर चुकीचं सांगत नाहीयेत, अपुरं सांगतायत.

आणि तुमची खरी अडचण इथेच आहे. व्यायामाने उत्साह येतो हे तुम्हाला माहीतच आहे, पण व्यायामाला उठायला जो उत्साह लागतो तोच तर या आजाराने नेलाय. खिशात दमडी नसलेल्या माणसाला बँकेत पैसे ठेव, चांगलं व्याज मिळेल, असं सांगण्यासारखं आहे ते. त्यामुळे तुम्ही आळशी नाही आहात, हे प्लीज एकदा मान्य करून टाका, कारण गिल्ट घेऊन सुरू केलेलं काही टिकत नाही, जिमचं झालं ते तसंच झालं.

मग आत नेमकं होतं काय? एंडॉर्फिन सुटतात असं सगळीकडे वाचलं असेल. ती गोष्ट अर्धवट आहे. २०२१ मध्ये जर्मनीत एक अभ्यास झाला, त्यात धावायच्या आधी लोकांना असं औषध दिलं की एंडॉर्फिनचा परिणाम होऊच नये, तरीही धावल्यावर त्यांना छान वाटलंच. म्हणजे बाकीचंही बरंच काही चालू असतं. मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून भाग आहे, आठवणींशी संबंधित, डिप्रेशनमध्ये तो बऱ्याचदा थोडा लहान झालेला दिसतो. २०११ च्या एका अभ्यासात १२० वयस्कर माणसं घेतली होती (यांना डिप्रेशन नव्हतं हां), त्यातली जी वर्षभर आठवड्यातून तीनदा चालली त्यांचा हा भाग सुमारे २ टक्के वाढला आणि जी नुसतं स्ट्रेचिंग करत होती त्यांचा थोडा कमी झाला.

पण खरं सांगू का, क्लिनिकमध्ये बसून मला हिप्पोकॅम्पस दिसत नाही. मला जे दिसतं ते वेगळं आहे. डिप्रेशनमध्ये डोक्यात विचारांचं जे गुऱ्हाळ चालू असतं ना, माझंच चुकलं, मी आई म्हणून वाईट, पुढे काय होणार, ते बसल्या जागी थांबत नाही, कितीही समजूत घाला. पाय हलायला लागले, रस्त्यातला खड्डा बघायचाय, रिक्षा चुकवायचीये, तर ते गुऱ्हाळ थोडा वेळ तरी मंदावतं. दुसरं म्हणजे दिवसभरात एक तरी गोष्ट ठरवली आणि केली. आजारी मन सतत सांगत असतं की तुझ्याने काही होत नाही, त्याला हा पुरावा लागतो, माझ्या बोलण्याने त्याचं समाधान होत नाही. आणि तिसरं झोप. सकाळच्या उजेडात थोडं फिरलं की शरीराचं घड्याळ मार्गी लागतं, रात्री झोप लवकर लागते, आणि झोप सुधारली की अर्ध्या गोष्टी आपोआप सोप्या होतात.

ज्यांना डिप्रेशनबरोबर घाबरल्यासारखं होतं, छातीत धडधडतं, त्यांच्यासाठी अजून एक. जिना चढला की धडधड वाढते, घाम येतो, श्वास जोरात चालतो आणि पाच मिनिटांत सगळं खाली येतं. हे पुन्हा पुन्हा अनुभवलं की शरीराला कळतं की धडधडणं म्हणजे काहीतरी भयंकर होणार असं नसतं. पॅनिकच्या उपचारात आम्ही हे मुद्दाम करून घेतो.

आता घरकाम. हा प्रश्न मला बायकाच विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. पहाटे उठून डबे, पाणी, केरवारे, मग लोकलला लेडीज डब्यात लोंबकळत ठाणे, संध्याकाळी भाजी घेऊन परत, यात शरीर कमी हलतंय का? नाही. हृदयाला, स्नायूंना त्याचा उपयोग होतोच. पण मनाच्या बाबतीत अभ्यासांमध्ये असं दिसतं की स्वतःहून, स्वतःच्या वेळात केलेल्या हालचालीचा मनाच्या तब्येतीशी चांगला संबंध आहे आणि घरकामाचा तसा काही दिसत नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. भांडी घासताना हात हलतात पण डोक्यात कुकरच्या शिट्ट्या, उद्याचा डबा, सासूबाईंच्या गोळ्या हेच असतं, आणि ते काम तुम्ही निवडलेलं नसतं, संपतही नाही, केलं तर कोणी बघत नाही आणि राहिलं तर सगळ्यांना दिसतं. त्यामुळे तुम्हाला अजून एक काम वाढवायला मी सांगत नाहीये. उलट घरातलं एक काम कमी करून ती वीस मिनिटं मोकळी करायची आहेत, आणि ते मिस्टरांनी उचलायचंय. "जरा बाहेर पड, मोकळं वाटेल" म्हणणाऱ्या माणसाने तेवढ्या वेळात मुलाचा डबा भरला तर त्या वाक्याला अर्थ आहे!

सासूबाई "आता कुठे निघालीस" विचारणार, हे मी गृहीत धरते. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींना मी चालणं कागदावर लिहून देते, वेळेसकट, गोळीसारखं. आपल्याकडे बाईने स्वतःसाठी वेळ काढला तर भुवया उंचावतात, पण डॉक्टरच्या कागदाला घर मान देतं. तुमच्या डॉक्टरांना सांगा प्रिस्क्रिप्शनवर लिहून द्यायला, ते आनंदाने देतील.

आता प्रत्यक्ष करायचं कसं. अर्धा तास विसरा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, तो आकडा बरोबर आहे पण तो आज तुमचा नाही. नॉर्वेत सुमारे ३४ हजार लोकांना ११ वर्षं बघितलं होतं, त्यात आठवड्याला एखादा तास हालचाल करणाऱ्यांमध्येही पुढे डिप्रेशन कमी दिसलं. ते आधी बरे असलेले लोक होते, त्यामुळे ते तुम्हाला तसंच्या तसं लागू नाही, पण थोडंही फुकट जात नाही एवढं नक्की.

तुम्ही मुलाला व्हॅनमध्ये बसवायला रोज खाली उतरताच. मला तुमच्या अख्ख्या प्रश्नातली सगळ्यात कामाची ओळ ती वाटली. सकाळ जड जाते तेव्हा सगळ्यात अवघड काय असतं, बिछाना सोडणं, कपडे बदलणं, दार उघडणं. ते तुम्ही मुलासाठी ऑलरेडी करताय. तर व्हॅन गेली की वर जायचं नाही. एकदा वर गेलं, सोफ्यावर टेकलं, मोबाइल हातात घेतला की संपलं. तिथूनच पुढे पाच मिनिटं एका दिशेला चालायचं आणि पाच मिनिटं परत. ट्रॅकसूट नको, बूट नको, आहात तशा, पायात नीट बसेल अशी चप्पल असली तरी पहिल्या आठवड्यात चालेल. ज्या दिवशी तेही होणार नाही त्या दिवशी सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन या, तोही दिवस भरला. मूड आहे का हे स्वतःला विचारायचंच नाही, कारण या आजारात उत्तर कायम नाही असंच येतं. आधी करायचं आणि मूड मागून येऊ द्यायचा, आमच्या भाषेत याला बिहेवियरल ॲक्टिवेशन म्हणतात आणि डिप्रेशनवरचा हा एक जुना, नीट तपासलेला उपचार आहे.

एक छोटी वही ठेवा. निघायच्या आधी मनाला दहापैकी मार्क द्या, आल्यावर परत द्या, बास. हे मी जवळजवळ सगळ्यांना सांगते कारण डिप्रेशनमध्ये आठवण फसवते, तीनाचे चार झालेले असतात पण रात्री विचारलं तर माणूस म्हणतो काहीच फरक पडला नाही. कागदावर असलं की वाद मिटतो. वाढलं नाही तरी लिहा.

दोन आठवडे असे गेले की वेळ थोडी वाढवा आणि त्याहून महत्त्वाचं, वेग वाढवा. ओळखायची सोपी खूण अशी की चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. मग आठवड्यातून दोन-तीनदा संध्याकाळी स्टेशनवरून शेअर रिक्षा न घेता चालत या, फक्त फडके रोडवरून नको, तिथे चालणं म्हणजे धक्के खाणं, त्याने डोकं शांत व्हायचं सोडून अजून फिरेल, थोडी लांबची पण शांत गल्ली बघा. पश्चिमेला राहत असाल तर भागशाळा मैदानावर संध्याकाळी बायकांचे घोळके चालत असतात, एखादीशी ओळख काढा. खाली कोणीतरी वाट बघतंय यासारखं काही नाही, माझ्याकडचे जे टिकले त्यातल्या बऱ्याच जणांना सोबत होती.

पावसाळ्यात काय? जूनपासून सगळ्यांचं बंद पडतं आणि मग गणपती, मग दिवाळी. त्यासाठी घरातलं एक काहीतरी आधीच ठरवून ठेवा, बिल्डिंगचे जिने किंवा सूर्यनमस्कार. सूर्यनमस्कारांचा व्यायाम म्हणून प्रचार आपल्याच औंध संस्थानच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, गेल्या शतकात शाळाशाळांतून केला, तेव्हा ही काही परदेशातून आलेली फॅशन नाही, सासूबाईंनाही पटेल. तीनपासून सुरू करा, बारा घालायलाच पाहिजेत असं कुणी सांगितलं तर हो म्हणा आणि तीनच घाला.

कुठला व्यायाम चांगला हेही लोक विचारतात. २०२४ मध्ये एका मोठ्या आढाव्यात २१८ अभ्यास, चौदा हजारांवर लोक एकत्र करून बघितले, त्यात चालणं-जॉगिंग, योग, वजनं उचलणं, नाच सगळ्यांचाच डिप्रेशनमध्ये उपयोग दिसला, जितका जोर जास्त तितका फायदा जास्त असंही दिसलं, फक्त यातले बरेच अभ्यास फार पक्के नाहीत हे त्यांनीच म्हटलंय. त्यामुळे जो तुम्ही पुढच्या महिन्यातही कराल तो चांगला. जिमचे पैसे गेले समजा. पुढे वाटलंच तर जा, पैसे वसूल करायला म्हणून जाऊ नका.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. रक्त तपासलंय का, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह? महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे, एक मजला चढून धाप लागत असेल तर ते डिप्रेशनच असेल असं नाही, आणि थायरॉइड कमी असेल तर कितीही चाला, अंग जड राहणार. गोळीने सकाळी गुंगी वाटत असेल तर वेळ बदलता येते का विचारा, स्वतःहून बदलू नका. वाचणाऱ्यांपैकी कोणी धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल घेत असेल तर नाडी फार वाढणार नाही, स्मार्टवॉचच्या आकड्यामागे लागू नका. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर घाम गाळणारा व्यायाम सुरू करण्याआधी पाणी-मिठाबद्दल डॉक्टरांशी बोला. बायपोलर (कधी खूप उदास, कधी अति उत्साह असा आजार) असेल आणि अचानक तीन-चार तास व्यायाम, झोप न घेता प्रचंड उत्साह असं झालं तर आनंद मानू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. आणि ज्यांना खाण्याचा, वजनाचा ध्यास लागलाय त्यांना व्यायाम सांगताना मी फार जपून असते, तिथे व्यायाम हाच आजाराचा भाग असू शकतो.

फरक कधी दिसेल? चालून आल्यावर अर्धा-एक तास हलकं वाटणं हे पहिल्या आठवड्यातही होऊ शकतं. टिकणारा फरक दिसायला महिना-दीड महिना धरा. आणि तो मूडमध्ये आधी दिसत नाही बहुधा. आधी झोप थोडी लागते, मग मुलावर ओरडणं कमी होतं, मग कोणीतरी दुसरंच म्हणतं की आज बरी दिसतेस, आणि तुम्हाला स्वतःला सगळ्यात शेवटी कळतं. मधे चार दिवस बंद पडलं तर पाचव्या दिवशी परत व्हॅनपासून सुरू, आधीचे भरून काढायचे नाहीत.

आणि सहा-आठ आठवडे औषध, चालणं दोन्ही नीट होऊनही वहीतले मार्क हलले नाहीत तर याचा अर्थ तुम्ही कमी पडलात असा लावू नका, उपचार बदलायची वेळ आलीये, डोस, औषध किंवा जोडीला थेरपी, हे सगळं करता येतं. पुढच्या फॉलोअपला ती वही बरोबर न्या, "कसं वाटतंय" याला "ठीक आहे" म्हणण्यापेक्षा डॉक्टरांना त्यातून जास्त कळेल.